कवटीच्या तळाची गाठ: कान, डोळे, चेहरा यांची लक्षणं वेळेत कशी ओळखायची

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, दिवसभर साउंडप्रूफ खोलीत पेशंटला हेडफोन लावून कान तपासायचे हे माझं काम, आणि स्कल बेस ट्यूमर म्हणजे कवटीच्या तळाशी वाढणारी गाठ माझ्यापर्यंत येते ती कानाच्या वाटेने. लोक येतात ते ‘एका कानाने जरा कमी येतंय’ एवढंच सांगत, आणि विचारत गेलं की कळतं हे दोन-तीन वर्षं चाललंय, मधे मळ काढून झालाय, ड्रॉप्स झालेत, चक्करेच्या गोळ्या झाल्यात, घरातल्या कुणीतरी ‘वय झालं आता’ म्हणून विषय संपवलाय. यातल्या बऱ्याच गाठी कॅन्सरच्या नसतात, हळू वाढतात, आणि म्हणूनच घोळ होतो, कारण त्रास इतका सावकाश वाढतो की माणसाला त्याची सवय होऊन जाते. गाठ लहान असताना सापडली तर कितीतरी वेळा नुसतं लक्ष ठेवून भागतं, मोठी होऊन सापडली की ऐकणं, दृष्टी, चेहऱ्याची हालचाल यातलं काहीतरी पणाला लागतं. म्हणून घरी काय बघायचं, डॉक्टरांना काय सांगायचं आणि कुठली तपासणी मागायची हे सगळं सविस्तर लिहितेय.

आधी जागा समजून घ्या. मेंदू ज्या हाडाच्या फरशीवर टेकलेला असतो तो कवटीचा तळ, डोळ्यांच्या मागे आणि नाकाच्या वर सुरू होतो, कानांच्या आतल्या बाजूने जातो आणि मानेच्या वरच्या टोकाला संपतो. या हाडाला भोकं आहेत, त्यातून मेंदूच्या नसांच्या जोड्या बाहेर पडतात (एकूण १२ जोड्या आहेत), मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्या आत जातात आणि सगळ्यात मोठ्या भोकातून मज्जारज्जू खाली उतरतो. जागा एवढी चिंचोळी आहे की छोटी गाठसुद्धा शेजारची नस दाबते, आणि कुठली नस दाबली त्यावर लक्षण ठरतं. त्यामुळे ‘या गाठीचं लक्षण काय’ याला एक उत्तर नाही. एकाला कमी ऐकू येईल, दुसऱ्याला डबल दिसेल, तिसरीची पाळी बंद होईल आणि चौथ्याचा नुसता आवाज बसेल, आणि चौघंही वेगवेगळ्या डॉक्टरांकडे जातील.

पण एक पद्धत मात्र सगळीकडे लागू पडते. कुठलाही त्रास असो, स्वतःला तीन गोष्टी विचारा. हे एकाच बाजूला आहे का? महिन्यामहिन्याने वाढत चाललंय का, म्हणजे दिवाळीत होतं त्यापेक्षा आत्ता जास्त आहे का? आणि जोडीला दुसरं काही सुरू झालंय का, उदाहरणार्थ कानाबरोबर गालाला बधिरपणा? तिन्हीला ‘हो’ असेल तर थांबू नका. पहिल्या दोनला ‘हो’ असेल तरी दाखवाच. आणि हेही लगेच सांगते की एका कानाने कमी ऐकू येणाऱ्या बहुतेक लोकांच्या स्कॅनमध्ये गाठ निघत नाही, मळ, कानाचा पडदा, जुनं इन्फेक्शन, मोठ्या आवाजाचा मार अशी साधी कारणंच जास्त असतात. घाबरून रात्रभर मोबाइलवर शोधत बसू नका, तपासून मोकळे व्हा.

कान

सगळ्यात जास्त लिहिणार आहे ते यावर, कारण हे मी रोज बघते. ऐकण्याची आणि तोलाची नस कानाच्या आत साधारण एक सेंटीमीटर लांबीच्या हाडाच्या बोगद्यातून मेंदूकडे जाते. त्या नसेच्या आवरणावर जी गाठ होते तिला व्हेस्टिब्युलर श्वानोमा म्हणतात, जुनं नाव अकूस्टिक न्यूरोमा, रिपोर्टवर दोन्ही नावं दिसतील, गाठ एकच.

पहिलं लक्षण बहुतेक वेळा फोनवर पकडता येतं. तुम्ही फोन नेहमी कुठल्या कानाला लावता आणि गेल्या वर्षभरात तो कान बदललाय का, हे आठवा. कित्येक जण नकळत कान बदलतात आणि मी विचारेपर्यंत त्यांच्या लक्षातही आलेलं नसतं. एकदा मुद्दाम दोन्ही कानांना आळीपाळीने फोन लावून तीच व्हॉइस नोट ऐका. नुसता आवाज हळू येतोय का ते बघू नका, शब्द कळतायत का ते बघा. या गाठीची खूण हीच आहे की आवाज येतो पण शब्द फुटत नाहीत.

हे जरा नीट सांगते. एक ताई आल्या होत्या, बँकेत काउंटरवर बसायच्या, तक्रार एवढीच की उजव्या बाजूने कस्टमर बोलला की परत विचारावं लागतं. बीप ऐकायची साधी टेस्ट केली तर उजवा कान डाव्यापेक्षा थोडासाच कमी, एवढ्यावर कुणीही ‘वयानुसार आहे’ म्हटलं असतं. मग शब्दांची टेस्ट केली, म्हणजे हेडफोनमधून एकेक शब्द ऐकवायचा आणि पेशंटने तो परत म्हणायचा. डाव्या कानाने सगळे बरोबर. उजव्याने ‘पाणी’ला ‘राणी’, ‘दार’ला ‘गार’, आणि मी आवाज वाढवला तर सुधारायच्या ऐवजी आणखी चुका व्हायला लागल्या, त्या स्वतःच वैतागून म्हणाल्या, ‘अहो आवाज येतोय मोठ्ठा, पण बोलतायत काय तेच कळत नाहीये.’ आवाज वाढवल्यावर शब्द बिघडणं म्हणजे दोष कानात कमी आणि नसेत जास्त. तिथून ईएनटी, एमआरआय, आणि छोटी गाठ निघाली. त्यांची सध्या फक्त ठराविक काळाने स्कॅन करून मोजणी चालू आहे.

म्हणून ऑडिओमेट्री म्हणजे ऐकण्याची तपासणी करायला जाल तेव्हा ‘शब्दांची टेस्ट पण करा, दोन्ही कानांची वेगवेगळी’ असं तोंडाने सांगा. बऱ्याच ठिकाणी घाईत फक्त बीपची टेस्ट करून आलेख हातात देतात, त्यात ही गोष्ट निसटते. आलेखात दोन्ही कानांच्या रेषा शेजारी ठेवून बघा, सलग दोन फ्रिक्वेन्सींना साधारण १५-२० डेसिबल किंवा त्याहून जास्त फरक असेल आणि त्याला मळ, पडद्याला भोक असं दुसरं कारण सापडत नसेल तर ईएनटी डॉक्टरांना एमआरआयबद्दल विचारणं रास्त आहे. बेरा नावाची टेस्ट (आवाज ऐकवून ऐकण्याच्या नसेतले सिग्नल मोजतात) कधीकधी त्याऐवजी करतात, ती वाईट नाही पण एक सेंटीमीटरपेक्षा लहान गाठी तिच्यातून सुटू शकतात, त्यामुळे बेरा नॉर्मल आली म्हणून संशय पूर्ण मिटला असं धरू नका.

कानात शिट्टीसारखा, कुईं असा आवाज एकाच कानात महिनोन्महिने येत असेल तर तीच गोष्ट. दोन्ही कानांत सारखा येत असेल तर गाठीची शक्यता खूप कमी. आणि एक वेगळा प्रकार असतो, आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर येतो, धप धप धप. हा येत असेल तर मनगटावर बोट ठेवून ठोका आणि आवाज जुळतोय का बघा. जुळत असेल तर लवकर दाखवा, कारण कानाच्या मागे-खाली रक्तवाहिन्यांनी भरलेली ग्लोमस नावाची गाठ असते, तिच्यात असं होतं, डॉक्टरांना कधीकधी पडद्यामागे लालसर फुगवटा दिसतो. या आवाजाला रक्तवाहिन्यांची इतर कारणंही असतात, पण तीही शोधण्यासारखीच असतात. अशा कानात स्वतः किंवा कानातला मळ काढणाऱ्या कुणाकडूनही टोचाटोची अजिबात करू देऊ नका, रक्तस्राव होतो.

तोलाचं म्हणाल तर लोकांना वाटतं नसेची गाठ म्हणजे गरगर फिरणारी चक्कर. तसं क्वचितच होतं. गाठ सावकाश वाढते आणि दुसऱ्या बाजूची नस तोवर काम सांभाळून घेते, त्यामुळे दिसतं ते हलकं डगमगणं, तेही जास्त करून अंधारात. लाइट गेल्यावर जिन्यात भिंतीला हात लागतो, डोळे मिटून तोंड धुताना तोल जातो, खडबडीत रस्त्यावर एका बाजूला कलल्यासारखं होतं. वर्षभर ‘चक्करेच्या गोळ्या’ घेताय आणि एकदाही ऑडिओमेट्री झालेली नाही, असं असेल तर आधी ती करून घ्या.

आणि एका कानाचं ऐकणं अचानक गेलं, सकाळी उठलात आणि कान बंद, तर ती त्याच दिवशी ईएनटीकडे जायची गोष्ट आहे. ‘सर्दीने बसला असेल’ म्हणून आठवडा घालवू नका. यात बहुतेकांना गाठ नसते पण स्टेरॉइडचा उपचार जितका लवकर सुरू होईल तितका फायदा, आणि थोड्या लोकांमध्ये मागे गाठ निघते म्हणून ऐकणं परत आलं तरी एमआरआय करतात. ऐकू आलं म्हणून तो टाळू नका.

डोळे

डबल दिसत असेल तर घरीच एक सोपी गोष्ट करा. एक डोळा हाताने झाका. एकाच डोळ्याने बघतानाही डबल राहत असेल तर बहुधा मोतीबिंदू, चष्म्याचा नंबर असं डोळ्याचंच काहीतरी. झाकल्यावर डबल जात असेल आणि दोन्ही उघडल्यावर परत येत असेल तर डोळे एका रेषेत नाहीत, म्हणजे डोळा हलवणाऱ्या स्नायूचा किंवा नसेचा प्रश्न. मग बघा दोन चित्रं शेजारी शेजारी आहेत की एकावर एक, आणि लांबचं बघताना जास्त होतंय का. लांबचं बघताना, किंवा एका बाजूला बघताना, शेजारी शेजारी दोन दिसणं ही डोळा बाहेरच्या बाजूला वळवणाऱ्या सहाव्या नसेची खूण. कवटीच्या तळाच्या अगदी मधल्या हाडातून निघणारी कॉर्डोमा नावाची दुर्मिळ गाठ असते, तिचं पहिलं लक्षण कित्येकदा हेच असतं. शुगर, बीपीवाल्यांना हीच नस तात्पुरती कमजोर होते आणि साधारण तीन महिन्यांत सुधारते, त्यामुळे ‘शुगरमुळे आहे’ असं सांगितलं गेलं तर ते खरंही असू शकतं, पण तीन महिन्यांत सुधारलं नाही किंवा पापणी पडायला लागली, कपाळ-गाल बधिर झाला, तर स्कॅन हवाच. पापणी अचानक पडली, त्या डोळ्याची बाहुली मोठी दिसतेय आणि डोकं जोरात दुखतंय असं असेल तर थेट इमर्जन्सीत जा, तिथे मेंदूच्या धमनीचा फुगा फुटण्याची भीती असते.

एका डोळ्याची नजर हळूहळू कमी होणं हे आपल्याकडे सर्रास मोतीबिंदूच्या खात्यात जातं. फरक ओळखायला रंग बघा. लाल रंगाची एखादी वस्तू, कुंकवाच्या डबीचं झाकण, लाल पेन काहीही चालेल, आधी एका डोळ्याने मग दुसऱ्या डोळ्याने बघा. एका डोळ्याला लाल रंग विटलेला, फिका वाटत असेल तर डोळ्याच्या नसेकडे लक्ष जायला हवं. मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट होऊनही त्या डोळ्याने दिसायला फरक पडला नाही, तरी तोच विचार करायचा.

आणि एक फसवं लक्षण. डोळ्यांच्या दोन्ही नसा मेंदूकडे जाताना जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या बरोबर खाली पिट्युटरी म्हणजे शरीरातल्या हार्मोन्सवर ताबा ठेवणारी छोटी ग्रंथी असते. तिथली गाठ वर वाढली की दोन्ही डोळ्यांची बाहेरची बाजू दिसेनाशी होते, समोरचं मात्र स्वच्छ दिसतं. असा माणूस डॉक्टरांच्या तक्त्यावर शेवटची ओळसुद्धा वाचतो आणि दवाखान्यातून निघताना दाराच्या चौकटीला खांदा आपटतो. टू-व्हीलरवर बाजूने येणारी गाडी एकदम समोर प्रकटल्यासारखी वाटते, बाजारात लोकांचे धक्के लागतात. घरी बघायचं असेल तर दोघं समोरासमोर बसा, हातभर अंतर ठेवा, दोघांनीही एक-एक डोळा झाका (तुमचा उजवा तर समोरच्याचा डावा), एकमेकांच्या उघड्या डोळ्यात बघत राहा आणि समोरच्याने बोटं हलवत हात बाहेरून आत आणायचा. त्याला बोटं दिसायला लागली तरी तुम्हाला दिसत नसतील तर नेत्रतज्ज्ञांना ‘पेरिमेट्री करा’ असं सांगा, म्हणजे नजरेच्या क्षेत्राचा नकाशा. नुसती नंबरची तपासणी इथे उपयोगाची नाही.

हार्मोनच्या वाटेने येणारी लक्षणं

पिट्युटरीच्या गाठींचं वेगळंच, इथे नस दाबली जायच्या आधी हार्मोन बिघडतात, आणि बाईमाणूस गायनॅककडे, पुरुष कुठेच जात नाही, अशी वाट चुकते.

पाळी पुढे पुढे जाऊन बंद होणं, बाळंतपण नसताना छातीतून दूध येणं, मूल न राहणं, या तिन्हीच्या मागे प्रोलॅक्टिन म्हणजे दूध आणणारं हार्मोन वाढलेलं असू शकतं. रक्ताची साधी टेस्ट आहे. पण प्रोलॅक्टिन वाढलं की गाठच असं नाही, थायरॉइड कमी असेल, अॅसिडिटी-उलटीच्या किंवा मानसिक आजाराच्या काही गोळ्या चालू असतील तरी ते वाढतं, म्हणून चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना दाखवा. पुरुषांमध्ये इच्छा कमी होणं, दाढी पूर्वीइतकी न वाढणं, सतत थकवा असं असतं आणि लाजेपायी कुणी बोलत नाही, त्यामुळे त्यांची गाठ सापडते तेव्हा बऱ्याचदा मोठी झालेली असते. यातली चांगली गोष्ट ही की प्रोलॅक्टिनवाली गाठ मोठी असली तरी बहुतेकदा कॅबरगोलिनच्या गोळ्यांनी आटते, ऑपरेशनची वेळ सहसा येत नाही.

ग्रोथ हार्मोनवाल्या गाठीला घरातली रोजची माणसं ओळखू शकत नाहीत, कारण बदल वर्षानुवर्षं चालतो. अंगठी बोटातून निघेना, चपलेचा नंबर मोठेपणी वाढला, खालचा जबडा पुढे आला, दातांत फटी पडल्या, घोरणं आणि घाम वाढला, हाताला मुंग्या, त्यातच शुगर आणि बीपी. जुने फोटो काढा, लग्नाचा अल्बम, आधार कार्डावरचा फोटो, आणि आजच्या फोटोशेजारी ठेवा. द ग्रेट खली सगळ्यांना माहीत आहे, त्याच्या पिट्युटरीच्या गाठीचं ऑपरेशन २०१२ मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गला झालं, तोवर तो जगभर कुस्त्या खेळून झाला होता, म्हणजे एवढा डोळ्यांसमोर असलेला माणूस आणि ऑपरेशन चाळिशीच्या उंबरठ्यावर.

चेहरा गोल आणि लालसर, पोट सुटलेलं पण हातपाय बारीक, पोटावर बोटाएवढे रुंद जांभळे पट्टे, जरा लागलं की काळं-निळं, आणि खाली बसलं की हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता येत नाही, हे कॉर्टिसॉल म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड वाढल्याचं चित्र. इथे आधी एक विचारा, सांधेदुखीसाठी कुठल्या पुड्या, काढे, बिननावाच्या गोळ्या चालू आहेत का, कारण त्यात स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं आणि त्याने अगदी असंच दिसतं. मात्र त्या पुड्या एकदम बंद करू नका, डॉक्टरांना दाखवून कमी करा.

लहान मुलांमध्ये उंची वाढायची थांबणं, सारखं पाणी पिणं आणि रात्री चार-चारदा लघवीला उठणं, वही डोळ्यांजवळ घेणं, डोकेदुखी, असं एकत्र दिसलं तर शुगरची टेस्ट तर कराच पण ती नॉर्मल आली म्हणून सोडून देऊ नका, लहान मुलांच्या एंडोक्रिनॉलॉजिस्टला (हार्मोनच्या डॉक्टरांना) दाखवा.

अचानक आयुष्यात कधी दुखलं नाही असं डोकं दुखणं, उलट्या, डबल दिसणं किंवा नजर जाणं, गळून जाणं: पिट्युटरीच्या गाठीत रक्तस्राव झाला तर असं होतं. वाट न बघता, रात्र असली तरी, हॉस्पिटल.

चेहरा

एक मऊ कापूस आणि थंड चमचा घ्या, डोळे मिटा, कुणाला तरी कपाळ, गाल, हनुवटी या तीन ठिकाणी डाव्या-उजव्या बाजूला लावायला सांगा. दोन्हीकडे सारखं लागतंय का? एका बाजूचा गाल बधिर, दाढी करताना किंवा पावडर लावताना वेगळा वाटतो, जेवताना त्या बाजूने घास नीट चावला जात नाही, हे चेहऱ्याला स्पर्श कळवणाऱ्या पाचव्या नसेचं. चेहऱ्यावर विजेसारखी कळ येणारा आजार वेगळा आणि त्यात बहुतेकदा गाठ नसते, पण वय कमी असेल किंवा कळेबरोबर बधिरपणाही असेल तर एमआरआय करतातच. दात काढूनही ‘दातदुखी’ थांबली नाही असे लोक यात बरेच असतात, दुसरा दात काढायच्या आधी थांबा.

तोंड वाकडं होण्याचं नेहमीचं कारण बेल्स पाल्सी, ज्याला गावाकडे वारं गेलं म्हणतात. ते दोन-तीन दिवसांत पूर्ण येतं आणि मग काही आठवड्यांत सुधारायला लागतं. तोंड आठवड्या-आठवड्याने थोडं थोडं वाकडं होत गेलं, तीन-चार महिन्यांत काहीच सुधारणा नाही, किंवा त्याच बाजूला परत परत आलं, तर हे बेल्स पाल्सीचं वागणं नाही, स्कॅन करा. आणि उलटंही लक्षात ठेवा, ऐकण्याच्या नसेच्या गाठीत चेहऱ्याची नस शेजारी असूनही बराच काळ टिकून राहते, त्यामुळे तोंड सरळ आहे म्हणजे गाठ नाही असा निष्कर्ष काढायचा नाही.

नाक

वासाची तपासणी करताना कापूर, अमृतांजन, कांदा घेऊ नका, त्यांची झणझण दुसऱ्याच नसेने कळते. कॉफी पावडर, वेलदोडा, मोगऱ्याचं फूल घ्या, एक नाकपुडी बंद करून दुसरीने हुंगा, मग बदला. कोविडनंतर वास गेलेले खूप आहेत, त्यांना तो कधी गेला ते आठवतं. ज्यांचा वास कधी गेला सांगताच येत नाही आणि जोडीला स्वभाव बदललाय, पूर्वी टापटीप असणारा माणूस आता आंघोळीची टाळाटाळ करतो, कशातच रस नाही, चिडतो, एका डोळ्याने अंधुक दिसतं म्हणतो, त्याला ‘म्हातारचळ’ किंवा डिप्रेशन म्हणून बाजूला सारू नका, नाकाच्या वरच्या हाडावर मेनिंजिओमा म्हणजे मेंदूच्या आवरणाची गाठ वाढते तेव्हा घरच्यांना आधी हेच दिसतं.

वयात येणाऱ्या मुलाचं एकाच बाजूचं नाक बंद आणि त्याच बाजूने पुन्हा पुन्हा घोळाणा फुटतोय, तर अँजिओफायब्रोमा नावाची रक्ताळ गाठ असू शकते, आधी स्कॅन, तुकडा काढायची घाई नाही, कारण तुकडा काढला की रक्त थांबवणं अवघड होतं. मोठ्या माणसात एकाच कानाच्या पडद्यामागे पाणी साठणं, मानेत न दुखणारी गाठ, नाकातून रक्त, हे नाकाच्या मागच्या भागाच्या कॅन्सरचं असू शकतं, आपल्याकडे तो कमी दिसतो, नागालँड-मणिपूरकडे बराच जास्त. दुर्बिणीने नाकाच्या मागे बघायला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे.

एका नाकपुडीतून पाण्यासारखा पातळ द्राव, खाली वाकलं की टपटप, चव खारट, रुमाल वाळल्यावर शेंबडासारखा कडक होत नाही: हे मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. नाक शिंकरू नका, थोडं पाणी स्वच्छ बाटलीत धरून डॉक्टरांकडे न्या, त्याची बीटा-२ ट्रान्सफरिन नावाची टेस्ट होते. ताप, डोकेदुखी आणि मान आखडणं सुरू झालं तर मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाचं इन्फेक्शन) समजून लगेच दाखल व्हा.

घसा, जीभ, मान

आरशासमोर जीभ सरळ बाहेर काढा. एका बाजूला वळतेय, त्या बाजूची जीभ बारीक, सुरकुतलेली दिसतेय? आवाज महिनाभर बसलेला, पाणी पिताना ठसका, पाणी नाकातून येणं, एक खांदा उतरलेला? या नसा कानाच्या खालच्या भोकांतून एकत्र उतरतात म्हणून ही लक्षणंही जोडीने येतात. एका बाजूची स्वरतंतूची हालचाल बंद आहे असं ईएनटींनी सांगितलं आणि कारण सापडत नसेल तर स्कॅन कवटीच्या तळापासून छातीपर्यंत करायला हवा, कारण ती नस तेवढी लांब जाते.

मानेचं एक खास सांगायचंय. मान आणि डोक्याची मागची बाजू दुखतेय, त्यात हाताचं बारीक काम बिघडलंय, ब्लाउजचा हूक लागत नाही, पोळी लाटताना एक हात साथ देत नाही, कप निसटतो, मग त्याच बाजूचा पाय जड. हे स्पॉन्डिलायसिस म्हणून पट्टा आणि शेकावर वर्षानुवर्षं चालतं. मानेचा एमआरआय काढाल तेव्हा मान आणि कवटीचा सांधा त्यात नीट आलाय ना, हे विचारून घ्या, तिथल्या मोठ्या भोकाजवळची गाठ फिल्मच्या वरच्या कडेला असते आणि निसटते.

डोकेदुखी

नुसती डोकेदुखी, दुसरं काहीच नाही, यात गाठ क्वचित निघते. पहाटे जास्त, उलटी झाली की बरं वाटतं, खोकल्यावर-वाकल्यावर वाढते, वाकून उठताना दोन सेकंद डोळ्यांसमोर अंधार, अशी असेल तर नेत्रतज्ज्ञांकडून डोळ्याचा मागचा पडदा तपासून घ्या. स्वस्त तपासणी आहे आणि मेंदूतला दाब वाढलाय का ते बऱ्याचदा तिथेच कळतं.

डॉक्टरांकडे जाताना

एका कागदावर लिहून न्या: काय होतंय, कुठल्या बाजूला, कधीपासून, तेव्हापेक्षा आता किती वाढलं, आणि जोडीला काय. ‘डॉक्टर, डोकं जड होतं, कान वाजतात, थकवा आहे’ असं सगळं एका दमात सांगितलं की महत्त्वाचं मागे पडतं. ‘उजव्या कानाने फोनवर शब्द कळत नाहीत, आठ महिने झाले, आता उजवा गालही बधिर’ एवढं म्हटलं की समोरचा डॉक्टर पेन खाली ठेवून ऐकतो. जुने ऑडिओग्राम, चष्म्याचे नंबर, फोटो सोबत न्या, कारण फरक त्यातच दिसतो.

स्कॅन लिहून दिला तर विचारा की एमआरआय कॉन्ट्रास्टचा, म्हणजे शिरेतून औषध देऊन करायचा, आहे ना आणि संशयाच्या जागेचे पातळ काप घेणार आहेत ना. साधा सीटी किंवा ‘एमआरआय ब्रेन प्लेन’मध्ये लहान गाठी सुटतात, आणि मग ‘नॉर्मल’ लिहिलेला रिपोर्ट घेऊन पेशंट आणखी दोन वर्षं फिरतो, हे मला फार खुपतं. सीटी हाडासाठी चांगला, त्यामुळे कधी दोन्ही लागतात. कॉन्ट्रास्टच्या आधी किडनीची क्रिएटिनीन टेस्ट करायची, आणि पेसमेकर, कॉक्लियर इम्प्लांट, प्रेग्नन्सी असेल तर आधीच सांगायचं. मशीनमध्ये साधारण अर्धा-पाऊण तास निजावं लागतं, आवाज मोठा असतो, कोंडल्यासारखं होत असेल तर तेही आधी बोला, त्यावर उपाय असतात. रिपोर्टच्या कागदाबरोबर सीडी मागून घ्या, पुढच्या स्कॅनची मोजणी तिच्याशीच ताडून बघायची असते.

गाठ निघाली तरी त्याच आठवड्यात ऑपरेशनची तारीख घ्यायची असं बहुतेक वेळा नसतं. व्हेस्टिब्युलर श्वानोमा वाढत असेल तर सरासरी वर्षाला एक-दोन मिलिमीटर वाढतो आणि बऱ्याच अजिबात वाढत नाहीत, म्हणून लहान गाठीत सहा महिने ते वर्षाने परत स्कॅन हा खराखुरा उपचार आहे. वाढणाऱ्या लहान-मध्यम गाठींना गामा नाइफसारखं रेडिएशन, मोठ्यांना ऑपरेशन. मात्र नजर जात असेल, गिळता येत नसेल, चालणं बिघडत असेल, तर तिथे थांबायचं नसतं. दुसरं मत घ्याच, आणि अशा ठिकाणी घ्या जिथे न्यूरोसर्जन, ईएनटी, एंडोक्राइन, डोळ्यांचे डॉक्टर एकत्र बसतात. मुंबईत केईएम, टाटा मेमोरियल, बाहेर बंगळुरूचं निम्हान्स, वेल्लोरचं सीएमसी इथे असं काम वर्षानुवर्षं चालतं, आणि कॉर्डोमासारख्या गाठींना लागणारी प्रोटॉन थेरपी (एक प्रकारचं रेडिएशन) आता खारघरला टाटाच्याच केंद्रात मिळते. खर्चाची चिंता असेल तर हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला महात्मा फुले जनआरोग्य योजनेबद्दल ॲडमिट व्हायच्या आधी विचारा, रेशन कार्ड आणि आधार जवळ ठेवा, नंतर कागद जमवताना फार पळापळ होते.

दोन्ही कानांच्या नसांवर गाठी निघाल्या, किंवा वय तिशीच्या आत आहे आणि एका बाजूची गाठ निघाली, तर डॉक्टरांना एनएफ-२ बद्दल विचारा. हा जनुकातला दोष आहे, आई किंवा वडिलांकडून आलेला असू शकतो, त्यामुळे भावंडांची आणि मुलांचीही तपासणी करून घ्यावी लागते, त्यांना अजून काहीही त्रास नसला तरी.